शीतयंत्रांतील गळतीचा इतिहास

इतिहास म्हटला कीं राजे, लढाया आणि तह हींच बहुधा वाचकांच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. घरांतल्या एखाद्या यंत्राच्या बिघाडालाहि इतिहास असतो, आणि त्यांत शोधकांची जिद्द, झोपेंत आलेले मृत्यु, सद्हेतूनें घडलेला एक अनर्थ, त्याचें प्रायश्चित्त आणि शेवटीं सर्व राष्ट्रांनीं मान्य केलेला एक तह इतकें सारें सांठलेलें असूं शकतें, असें कोणी सांगितलें असतें तर गेल्या वैशाखापर्यंत आम्ही त्यास हंसलों असतों. परंतु गेल्या वैशाखांत आमच्या घरचें वातानुकूलनाचें यंत्र लागोपाठ तिसऱ्या उन्हाळ्यांत बिघडलें, आणि त्या निमित्तानें जें वाचन व चिंतन झालें त्याचा इत्यर्थ येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

पहिल्या दोन उन्हाळ्यांची हकीकत बहुतेक घरांच्या परिचयाची असेल. खोली थंड होईना, म्हणून दुरुस्तीस माणूस बोलाविला. त्यानें बाहेरच्या पेटीला दाबमापक लावला, कांटा पाहिला आणि म्हटलें, "काका, गॅस संपलाय. भरून देतो." पंधरा-वीस मिनिटें सिलिंडरांतून गॅस भरला, पैसे घेतले आणि तो गेला. खोली थंड झाली, आम्ही समाधान पावलों. पुढच्या चैत्रांत पुन्हां तोच प्रकार, तेंच वाक्य आणि तेंच बिल. तिसऱ्या वर्षीं मात्र यंत्रानें एक नवलच दाखविलें. भिंतीवरच्या पेटीचें झांकण उघडून पाहतों तों आंतल्या तांब्याच्या नळ्यांवर पांढऱ्या बर्फाचा थर जमलेला, आणि खोली मात्र भट्टीसारखी! बाहेरच्या पेटींतील कॉम्प्रेसर सुरू होई, थोडा वेळ घुमे, तापे आणि आपोआप बंद पडे.

या वेळीं आला तो एक उतारवयाचा कारागीर होता. त्यानें सिलिंडर वर आणलाच नव्हता. प्रथम त्यानें आंतली जाळी काढून धुतली. कारण जाळीवर धूळ बसून वारा अडला तरीहि नळ्यांवर बर्फ धरतो. मग कॉम्प्रेसरला सुरू होतांना जोर देणारा कपॅसिटर तपासला. तो ठीक निघाला. मग दाब मोजला; तो कमी भरला. "गॅस संपला ना?" आम्हीं अनुभवी माणसाच्या थाटांत विचारलें. त्यावर तो म्हणाला, "साहेब, गॅस म्हणजे काय रॉकेल आहे, जळून संपायला? तो बंद नळीत गोल फिरतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला." इतकें बोलून त्यानें साबण मागून घेतला व वाटींत फेस केला. बाहेरच्या पेटीशीं तांब्याची नळी जेथें पितळी नटानें जोडली होती, तेथें तेलाचा पुसट डाग होता. त्या डागावर त्यानें बोटानें फेस लावला आणि आम्हांस पाहत राहण्यास सांगितलें. मिनिटभर कांहींच झालें नाहीं. मग फेसांतून हरभऱ्याएवढा एक बुडबुडा फुगला, फुटला, आणि त्याच्या जागीं दुसरा फुगूं लागला.

गॅस कोठून गेला, याचें उत्तर त्या बुडबुड्यानें दिलें. पण तो कोठें गेला, हा प्रश्न आमच्या मनांत राहिला. या यंत्राचा सारा इतिहास म्हणजे ह्या दोन प्रश्नांचाच इतिहास आहे, असें आतां आम्हांस वाटतें.

उन्हाळ्यांत माठांतलें पाणी थंड कां होतें, हें घरांतील पोरासोरांसहि ठाऊक असतें. माठाच्या अंगांतून पाझरलेलें पाणी हवेंत उडून जातांना माठाची उष्णता बरोबर घेऊन जातें. वाळ्याच्या पडद्यावर पाणी शिंपडण्याचें मर्महि तेंच. वातानुकूलनाचें यंत्र याहून निराळें कांहीं करीत नाहीं. फरक इतकाच कीं माठांतलें उडालेलें पाणी परत येत नाहीं, आणि यंत्रांतलें द्रव्य मात्र पुन्हां पकडून आणावें लागतें. घरांतल्या नळ्यांत तें द्रव्य उकळून वायु होतें व खोलीची उष्णता शोषून घेतें. कॉम्प्रेसर तो वायु ओढून दाबतो. दाबानें तापलेला वायु बाहेरच्या नळ्यांत आपली उष्णता टाकून पुन्हां द्रव होतो, आणि अरुंद वाटेनें दाब उतरल्यावर तो द्रव पुन्हां घरांत येतो. हें रहाटगाडगें वर्षानुवर्षें चालावें आणि त्यांतला एक थेंबहि बाहेर जाऊं नये, ही या यंत्राची मूळ प्रतिज्ञा आहे.

ती मोडली म्हणजे काय होतें, हें आमच्या बर्फानें दाखविलें. द्रव्य कमी झालें कीं आंतल्या नळ्यांतील दाब घटतो. दाब घटला कीं उरलेलें द्रव्य शून्याखालच्या तपमानांत उकळूं लागतें, आणि नळ्यांच्या आरंभींच्या भागावर हवेंतील ओलावा गोठून बसतो. बाकीच्या नळ्या कोरड्याच राहतात. बर्फ दिसतो, पण ती यंत्राच्या उपासमारीची खूण असते. कॉम्प्रेसरचीहि तीच दशा. त्याची मोटर परत येणाऱ्या थंड वायूवरच निवत असते. तो पुरेसा आला नाहीं कीं ती तापते, आणि असें वारंवार झालें म्हणजे तिच्या तारांवरील लेप जळून जातो. 'कॉम्प्रेसर गेला' म्हणून जें दुःखद वर्तमान आपण ऐकतों, त्याच्या मागें पुष्कळदां दोन-तीन वर्षें दुर्लक्षिलेली अशी एखादी गळतीच असते.

हीं यंत्रें निघण्यापूर्वीं थंडावा हा वस्तूच्या रूपानें विकत मिळत असे, आणि तो वाटेंत गळणारच हें गृहीत धरलेलें असे. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यानें १८३३ सालीं 'टस्कनी' नांवाच्या जहाजांतून कलकत्त्यास सुमारे १८० टन बर्फ धाडला. चार महिन्यांच्या प्रवासांत दोनदां विषुववृत्त ओलांडून तें जहाज पोंचलें, तेव्हां सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. लवकरच मुंबई व मद्रास येथेंहि या अमेरिकन बर्फासाठीं बर्फघरें बांधलीं गेलीं. मद्रासचें बर्फघर अद्याप उभें असून, १८९७ सालीं स्वामी विवेकानंद तेथें राहिल्यामुळें आज तें त्यांच्या नांवानें ओळखलें जातें. ट्यूडरच्या वहींत वितळलेला बर्फ खर्चाच्या बाजूस पडे, इतकेंच. तळ्यांतून आलेलें तें पाणी पुन्हां पाणीच झालें. त्या गळतीनें जगाचें कांहीं बिघडलें नाहीं.

बर्फाचा हा व्यापार भरास येत असतांच त्याचा प्रतिस्पर्धी जन्मास आला होता. एडिंबरोचे प्राध्यापक विल्यम कलेन यांनीं अठराव्या शतकाच्या मध्यास पंपानें हवा काढलेल्या पात्रांत ईथर उडवून थोडासा बर्फ करून दाखविला होता. पण त्यांचें ईथर माठांतल्या पाण्यासारखेंच एकदां उडालें कीं संपे. १८३४ सालीं लंडनमध्यें राहणाऱ्या जेकब पर्किन्स या अमेरिकन यंत्रज्ञानें तें उडालेलें ईथर ओढून, दाबून, निववून पुन्हां कामाला लावणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. त्या पेटंटांतील एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. उडणारें द्रव्य वापरावयाचें, तरी तें सतत पुन्हां द्रव करून, वाया न जाऊं देतां फिरून कामास लावावयाचें, असें पर्किन्सनें त्यांत स्वच्छ म्हटलें आहे. आमच्या कारागिरानें रॉकेलच्या दाखल्यानें जें सांगितलें, तें या यंत्राच्या पहिल्याच कागदावर लिहिलेलें होतें.

लिहिणें सोपें, पाळणें कठीण. पर्किन्सचा धंदा चालला नाहीं. ऑस्ट्रेलियांतील जिलाँग गांवचा वृत्तपत्रकार जेम्स हॅरिसन यानें १८५० नंतरच्या दशकांत ईथरचीं यंत्रें चालवून बर्फ केला; परंतु ईथर भडकणारें असल्यामुळें आगीची भीति सदैव मानगुटीस बसलेली असे. म्हणून दुसऱ्या द्रव्यांचा शोध सुरू झाला. जर्मनींत कार्ल फॉन लिंडे यांनीं १८७० नंतर अमोनियाचें यंत्र सिद्ध केलें. जिनिव्हाच्या राउल पिक्ते यांनीं सल्फर डायऑक्साइड, म्हणजे जळत्या गंधकाचा वायु, वापरला. पुढें मिथिल क्लोराइडहि प्रचारांत आलें. अमोनिया डोळ्यांना झोंबतो आणि गंधकाच्या वायूनें घसा कोंडतो. गळती झाली कीं कामगार डोळे पुशीत बाहेर धांवत. नेमकी जागा हुडकावयाची झाल्यास गंधकाची काडी पेटवून सांध्यासांध्यापाशीं धरीत. जेथें अमोनिया झिरपत असेल तेथें दाट पांढरा धूर उठे. एरव्हीं त्या काळीं गळती ओळखण्यास साबण लागत नसे, नाक पुरे होई. गळती ही जिवाशीं गांठ असल्यामुळें तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

खोलींतील हवा थंड करण्याचा उद्योग माणसाच्या सुखासाठीं सुरू झाला, असा आपला समज असतो. पण तो सुरू झाला कागदासाठीं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांतील एका छापखान्यांत दमट हवेनें कागद फुगे, आणि निरनिराळ्या रंगांचे ठसे एकमेकांवर बरोबर बसत नसत. १९०२ सालीं विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरनें थंड नळ्यांवरून हवा खेळवून तिच्यांतील ओलावा काढून टाकण्याची योजना आंखली. आमच्या घरीं ज्या नळ्यांवर बर्फ धरला, त्यांचे हे पूर्वज. कागदामागून सुताच्या गिरण्या आल्या, त्यांमागून नाटकगृहें व चित्रपटगृहें आलीं. आमच्या मुंबईत १९३३ सालीं उघडलेलें रीगल चित्रपटगृह वातानुकूलित होतें.

तथापि खरें संकट ओढवलें तें हें यंत्र स्वयंपाकघरांत शिरल्यावर. १९२० नंतरच्या दशकांत अमेरिका व युरोप येथील सुखवस्तु घरांत शीतकपाटें येऊं लागलीं. कारखान्यांतला जागा माणूस पळूं शकतो; बिछान्यांत झोंपलेला पळूं शकत नाहीं. त्यांत मिथिल क्लोराइडचा वास सौम्य व गोडसर, म्हणजे तो जागेंहि करीत नाहीं. १९२८-२९ च्या सुमारास शिकागो शहरांत या वायूच्या गळतीनें अनेक माणसें दगावलीं. बर्लिनमध्यें एक सबंध कुटुंब असेंच रात्रींतून मरण पावल्याची बातमी वाचून अल्बर्ट आइन्स्टाइन यांचें मन कळवळलें, असें सांगतात. त्यांनीं आणि त्यांचे तरुण मित्र लिओ झिलार्ड यांनीं या प्रश्नाच्या मुळाशीं हात घातला. त्या वेळीं मोटर बाहेर व पंप आंत असे. दोहोंना जोडणारा फिरता दांडा पंपाच्या अंगांतून जेथें बाहेर येई, तेथूनच वायु झिरपे. तेव्हां फिरणारा दांडाच नको, अशी या दोघांची कल्पना. सापेक्षतेचा सिद्धांत मांडणाऱ्या या महापुरुषानें शीतकपाटाच्या गळतीवर कित्येक पेटंटें घ्यावीं, यांतच त्या प्रश्नाचें गांभीर्य दिसून येतें. त्यांचें कपाट बाजारांत कधींच आलें नाहीं. मात्र द्रवरूप धातु विद्युच्चुंबकाच्या जोरानें ढकलणारा त्यांचा पंप पुढें अणुभट्ट्यांच्या कामीं आला.

दांड्याच्या गळतीवर व्यवहारांत तोडगा निघाला तो निराळाच. मोटर व कॉम्प्रेसर दोन्हीं एकाच लोखंडी कवचांत घालून तें कवच कायमचें सांधून टाकावयाचें. १९२७ सालीं जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें अशा बनावटीचीं शीतकपाटें मोठ्या प्रमाणावर विकण्यास प्रारंभ केला. आज आपल्या बाहेरच्या पेटींत जो काळा लोखंडी डबा दिसतो, तो त्याच वंशांतला. त्यानें दांड्याची गळती थांबली. पण आंतलें उघडून पाहण्याची सोयहि गेली. म्हणूनच या कॉम्प्रेसरच्या आंतलें कांहीं जळलें तर तो सहसा दुरुस्त होत नाहीं, बदलावाच लागतो.

आतां या कथेंतील सर्वांत विलक्षण पुरुषाकडे वळूं. १९२८ सालीं जनरल मोटर्सच्या संशोधनशाळेचे प्रमुख चार्ल्स केटरिंग यांनीं थॉमस मिजली यांजकडे एक काम सोंपविलें. विषारी नाहीं, पेट घेत नाहीं आणि तरी योग्य त्या तपमानांत उकळतें, असें द्रव्य हवें होतें. मिजली आणि त्यांचे सहकारी अल्बर्ट हेन व रॉबर्ट मॅक्नरी यांनीं मूलद्रव्यांचें कोष्टक समोर ठेविलें आणि सर्वांत दाहक अशा फ्लोरीनवर बोट ठेविलें. त्याचें संयुग निरुपद्रवी असेल, ही गोष्ट त्या वेळीं कोणास खरी वाटली नसती. या कामीं लागणाऱ्या अँटिमनी ट्रायफ्लोराइडच्या पांच लहान बाटल्या त्यांनीं मिळविल्या. एका बाटलीपासून केलेला वायु गिनीपिगला हुंगविला. तो खुशाल राहिला. दुसऱ्या बाटलीपासून केलेला हुंगविला, तो मेला. चौकशीअंतीं कळलें कीं पांचांपैकीं ती पहिली एकच बाटली शुद्ध होती. इतरांत पाण्याचा अंश असलेला क्षार मिसळला होता, आणि त्यामुळें फॉस्जीन हें जहाल विष तयार होत होतें. पहिल्या खेपेस दुसरी कोणतीहि बाटली हातीं आली असती, तर आपण ही कल्पनाच सोडून दिली असती, असें मिजली यांनीं पुढें स्वतःच लिहिलें आहे. केवढा हा योगायोग! ओलाव्याच्या एका अंशावर पुढील साठ वर्षांचा इतिहास तोललेला होता.

एप्रिल १९३० मध्यें अटलांटा येथें रसायनशास्त्रज्ञांच्या सभेंत मिजली यांनीं हा नवा वायु छाती भरून घेतला आणि त्याच्या फुंकरीनें पेटती मेणबत्ती विझविली. विषारी नाहीं आणि ज्वालाग्राहीहि नाहीं, हें एका श्वासांत सिद्ध झालें. 'फ्रिऑन' या नांवानें तो जगभर गेला. मिजली यांना आज दोष देणें सोपें आहे. पण ज्यांचीं मुलेंबाळें झोंपेंत दगावलीं त्यांचा प्रश्न खरा होता, आणि त्या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं खरोखरच दिलें. ज्या प्रश्नाची त्यांस कल्पनाहि नव्हती, त्याचें उत्तर ते कोठून देणार? १९४४ सालीं ते वारले, तेव्हां आपल्या शोधानें माणसें वांचलीं एवढेंच त्यांस ठाऊक होतें.

परंतु वासाबरोबर धाकहि गेला. अमोनिया गळला तर माणूस पळत सुटे. फ्रिऑन गळला तर कोणास कळतहि नसे, आणि कळलें तरी कोणास भय वाटत नसे. आतां गळती नाकाला सांपडेना, म्हणून कारागीर एक लहानसा दिवा जवळ बाळगूं लागले. तापलेल्या तांब्यावरून या वायूचा अंश गेला कीं दिव्याची ज्योत हिरवी होई. मात्र हा खटाटोप करावयाचा कशाला? वायु स्वस्त, निरुपद्रवी आणि हवा तितका मिळणारा. सांधा शोधून नीट करण्यास दोन तास लागतात, गॅस भरण्यास पंधरा मिनिटें. यंत्र खोलावयाचें झालें तर आंतला वायु सरळ हवेंत सोडून द्यावा, हीच रीति पडली. दुसऱ्या महायुद्धानंतर तर फवाऱ्याच्या डब्यांत हाच वायु मुद्दाम उडवून देण्यासाठीं भरूं लागले. पर्किन्सच्या कागदावरील 'वाया न जाऊं देतां' ही अट अशा रीतीनें विस्मृतींत गेली. 'गॅस संपलाय, भरून देतो' हें जें वाक्य आम्हीं दोन उन्हाळे ऐकलें, त्याचा जन्म याच काळांतला म्हटला पाहिजे.

कोठून गेला, हा प्रश्न विचारणें बंद झालें. मग कोठें गेला, हें कोण विचारणार? तो प्रश्न विचारला एका इंग्रज शास्त्रज्ञानें, आणि तोहि जवळजवळ सहज. जेम्स लव्हलॉक यांनीं १९५७ सालीं वायूंचे अत्यंत सूक्ष्म अंश ओळखणारें एक साधन तयार केलें होतें. १९७१-७२ मध्यें 'शॅकलटन' जहाजावरून इंग्लंड ते दक्षिण ध्रुवाकडील समुद्र असा प्रवास करतांना त्यांनीं ठिकठिकाणची हवा तपासली. जेथें एकहि कारखाना नाहीं अशा महासागरावरहि फ्रिऑनच्या कुळांतील वायु त्यांस सांपडला. हवेच्या एक लक्ष कोटि भागांत सुमारें पन्नास भाग, पण सांपडला. यापासून कांहीं धोका संभवत नाहीं, असें त्यांनीं लिहिलें, आणि त्या वाक्याचा पुढें त्यांस पश्चात्ताप झाला.

कॅलिफोर्नियांत शेरवूड रोलंड व मारिओ मोलिना यांच्या ध्यानांत एक साधी गोष्ट आली. आजवर जेवढा हा वायु तयार झाला, त्यांतील जवळजवळ सर्व अजून हवेंत आहे. त्याला खाणारें, जाळणारें, विरघळविणारें कांहीं या भूतलावर नाहीं. ज्या स्थिरतेमुळें तो घरांत निर्धोक ठरला, तिच्यामुळेंच तो अमर झाला होता. मग शेवटीं त्याचें होतें काय? तो हळूहळू वर चढतो, सूर्याच्या तीव्र किरणांनीं तेथें फुटतो आणि त्यांतील क्लोरीन सुटें होतें. क्लोरीनचा एक परमाणु ओझोनच्या सुमारें एक लाख रेणूंचा नाश करूं शकतो, आणि हा ओझोन तर सूर्याच्या घातक किरणांपासून पृथ्वीवरील जीवसृष्टीचें रक्षण करणारें छत्र. जून १९७४ मध्यें त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. उद्योगपतींनीं त्यांची थट्टा केली, पुरावा मागितला. तो पुरावा १९८५ सालीं अंटार्क्टिकावरील हॅली येथील ब्रिटिश ठाण्यांतून आला. जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर व जोनाथन शँकलिन यांनीं तेथील दीर्घकाळच्या नोंदी ताडून दाखविलें कीं दर वसंतऋतूंत त्या आकाशांतील ओझोन भयंकर प्रमाणांत घटतो. घरोघरच्या सांध्यांतून निघालेले बुडबुडे अखेर तेथें जाऊन पोंचले होते.

पुढील गोष्ट मनुष्यजातीस भूषणावह आहे. १६ सप्टेंबर १९८७ रोजीं माँट्रिऑल येथें हे वायु आटोक्यांत आणण्याचा करार झाला. गरीब राष्ट्रांनीं असा प्रश्न केला कीं, आकाश ज्यांनीं बिघडविलें त्यांच्या चुकीचा भुर्दंड आम्हीं कां सोसावा? भारत व चीन यांनीं हा मुद्दा धरून ठेविला, आणि १९९० सालीं लंडनच्या बैठकींत त्यांच्या साहाय्यासाठीं निधि ठरला. भारतानें १९९२ सालीं करार स्वीकारला आणि १ ऑगस्ट २००८ पासून, दमेकऱ्यांच्या औषधी फवाऱ्यांचा अपवाद सोडून, या वायूंचें उत्पादन बंद केलें. १९९५ सालीं रोलंड व मोलिना यांस पॉल क्रुट्झन यांसह नोबेल पारितोषिक मिळालें. २००९ पर्यंत जगांतील प्रत्येक राष्ट्रानें करारास मान्यता दिली होती. २०२२ सालच्या शास्त्रीय आढाव्याप्रमाणें दक्षिण ध्रुवावरील ओझोन २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर परत येईल असा अंदाज आहे. म्हणजे दीड पिढीनें केलेली चूक भरून येण्यास तीन पिढ्या लागावयाच्या. पण ती भरून येत आहे.

येथें कथा संपली असती तर बरें होतें. जुन्या वायूंच्या जागीं क्लोरीन नसलेले नवे वायु आले. त्यांनीं ओझोनचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु पृथ्वीची उष्णता कोंडून धरण्यांत त्यांतील बरेच वायु अत्यंत पटाईत आहेत. २०१६ सालीं रवांडाच्या किगाली शहरांत त्यांनाहि उतरती कळा लावण्याचें ठरलें. भारतानें ही दुरुस्ती २०२१ सालीं मान्य केली. त्याप्रमाणें भारतानें २०३२ पासून टप्प्याटप्प्यानें घट करीत २०४७ पर्यंत या वायूंचा वापर ८५ टक्क्यांनीं कमी करावयाचा आहे. आतां कांहीं यंत्रांत प्रोपेन, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद, वापरतात. तो पृथ्वीला फारसा तापवीत नाहीं, पण पेट घेतो. पर्किन्सच्या भडकणाऱ्या ईथरपासून निघालेला हा प्रवास दोन शतकांच्या आंत पुन्हां त्याच दाराशीं येऊन पोंचला आहे. यावरून एवढें दिसतें कीं गळलें तरी चालेल असें निर्दोष द्रव्य शोधण्याची धडपड आजवर सफळ झालेली नाहीं. जें द्रव्य माणसाला मारीत नव्हतें त्यानें आकाशाला छिद्र पाडलें. ज्यानें आकाश राखलें तें पृथ्वीला तापवूं लागलें. पर्किन्सची अट टाळून जाण्याची वाट अद्याप कोणास सांपडलेली नाहीं.

आमच्या यंत्राच्या पाटीवर आर-४१०ए असें लिहिलेलें आहे. हा वायु एक किलो हवेंत गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबानें तो सुमारें दोन टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता कोंडून धरतो. मागील दोन उन्हाळ्यांचीं बिलें आम्हीं काढून पाहिलीं. दोन्हीं मिळून दीड किलो गॅस भरल्याची नोंद होती. म्हणजे सुमारें तीन टनांचा हिशेब. आम्हीं तो थंडाव्यासाठीं विकत घेतला, आणि तो साऱ्या जगाला तापविण्यासाठीं निघून गेला.

त्या वृद्ध कारागिरानें पुढें काय केलें, तें सांगून हा लेख पुरा करतों. दुसऱ्या दिवशीं तो साहित्य घेऊन आला. यंत्रांत उरलासुरला वायु त्यानें हवेंत न सोडतां एका रिकाम्या सिलिंडरांत ओढून घेतला. नळीचें चिरलेलें तोंड कापून नवें घडविलें व नट बेतानें आंवळला. फार आंवळला तरीहि तांबें चिरतें, असें तो म्हणाला. मग नळ्यांत नायट्रोजन दाबून भरला आणि कांटा हलतो कीं काय हें पाहत स्वस्थ चहा घेतला. नंतर पंप लावून आंतली हवा व ओलावा बराच वेळ ओढून काढला. ओलावा आंत राहिला तर अरुंद नळींत गोठतो, आणि तेलाशीं मिळून तयार झालेलें आम्ल कॉम्प्रेसरच्या तारा खातें. मिजली यांच्या बाटल्यांतील ओलावा आम्हांस त्या वेळीं आठवला. शेवटीं त्यानें वजनकांट्यावर मोजून पाटीवर लिहिला होता तेवढाच गॅस भरला. हें सारें कोठें शिकलांत, असें विचारतां तो म्हणाला, "सरकारी शिबिर होतं, ओझोनचं. तोपर्यंत आम्हीपण सोडूनच द्यायचो."

बिल मागच्याहून दुप्पट झालें, हें कबूल केलें पाहिजे. घरांत त्यावरून थोडी कुरबुरहि झाली. पण राष्ट्रांचे तह अखेर अशाच एखाद्या नटापाशीं पाळले जातात किंवा मोडले जातात. तेव्हां वाचकांपैकीं कोणास येत्या चैत्रांत 'गॅस संपलाय' हें वाक्य ऐकण्याचा योग आला, तर त्यांनीं पैशाच्या पाकिटास हात घालण्यापूर्वीं दोनच शब्द विचारावे: "कोठून गेला?"